बुडण्यासाठी बनवलेलं जहाज

सुट्टीच्या दिवशी मुलांसोबत जहाज करायचं असेल, तर या वेळी 'वासा' करा. घराचा वासा नव्हे! हे स्वीडनच्या एकेकाळच्या राजघराण्याचं नाव आणि त्याच नावाची शिडांची युद्धनौका.

६४ तोफा, शेकडो कोरीव मूर्ती, असा तिचा थाट. १० ऑगस्ट १६२८ ला ती स्टॉकहोममधून पहिल्यांदा निघाली आणि जेमतेम १३०० मीटर गेली. वाऱ्याच्या झोताने कलली, तोफांच्या उघड्या झडपांतून पाणी शिरलं आणि लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाली. सुमारे ३० माणसं गेली. वरचा भाग जड होता, तळाशी वजन कमी पडलं. आधी चाचणी झाली होती बरं का! ३० माणसांना डेकवर इकडून तिकडे पळवलं. जहाज इतकं डोलायला लागलं की चाचणीच थांबवली. जहाज मात्र थांबवलं नाही.

आता आपली वासा. जाड कार्डशीटची वीतभर लांब, तीन बोटं रुंद आणि तेवढीच उंच होडी चिकटवा, पुढचं टोक निमुळतं. बाहेरून रुंद सेलोटेप लावा. डोलकाठ्यांना उदबत्तीच्या तीन काड्या, शिडांना साधा कागद, तोफांना रिकाम्या रिफिलचे तुकडे. झडपा नुसत्या रंगवू नका, तळापासून बोटभर वर खरोखर कापा. कटर तुमच्या हातात, रंगकाम मुलांकडे.

तळाशी एक रुपयाची बारा नाणी ठेवून जहाज टबात सोडा, वहीने वारा घाला. डुलेल, पण सरळ होईल. मग तीच नाणी डेकवर चिकटवा. वजन तेवढंच, फक्त जागा बदलली. तरी उभं राहिलं, तर डेकवर आगपेटी ठेवून नाणी तिच्यावर चढवा.

एक चूक मी केली, तुम्ही करू नका. मावशीच्या आठ वर्षांच्या लेकीला मी शेवट सांगितलाच नव्हता. दोन दुपारी खपून केलेलं जहाज आडवं झालं तशी ती उठून गेली, रात्री जेवतानाही बोलली नाही. म्हणून गोष्ट आधी सांगा. नाणी वर कधी न्यायची, न्यायची की नाही, हे मुलांनाच ठरवू द्या.

बुडालेलं जहाज टाकू नका, पंख्याखाली वाळवा. खरी वासाही ३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये, वर काढली. आज ती स्टॉकहोमच्या संग्रहालयात उभी आहे.