पावसाचा जमाखर्च

पाऊस समुद्र देतो, डोंगर तो अडवतो आणि अरण्य त्या दोघांच्या पुण्याईवर जगते. सबब पावसाच्या नावाने अरण्य राखणे हा निव्वळ भाबडेपणा होय, असे मत एका विद्वान गृहस्थांनी नुकतेच मोठ्या अधिकारवाणीने मांडले आणि साक्षीला चेरापुंजी उभी केली. तेथील टेकड्या उघड्याबोडक्या, तरी वर्षाला अकरा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. मग केरळच्या सायलेंट व्हॅलीत कुऱ्हाडीला बंदी कशासाठी, हा त्यांचा सवाल.

नैर्ऋत्येचे वारे सह्याद्रीवर चढतात, थंडावतात आणि बरसतात, हे निर्विवाद आहे. ते कोणी नाकारलेही नव्हते. परंतु त्यांचा साक्षीदार त्यांच्यावरच उलटतो. ज्या चेरापुंजीच्या नावावर १८६०-६१ च्या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर पावसाची नोंद आहे, तेथेच हिवाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी पायपीट करावी लागते. कारण झाडोरा गेला, त्यामागोमाग माती धुऊन गेली, आणि उघड्या खडकावर पडलेले पाणी थांबायला जागाच न उरल्यामुळे दऱ्यांतून थेट सिल्हेटच्या मैदानाकडे धाव घेते. खडकाचाही त्यात दोष आहे, हे मी मान्य करतो. पण त्या खडकावर मातीचे पांघरूण कोण धरून ठेवते, याचा विचार लेखकमहाशयांनी क्षणभरही केलेला नाही. पर्जन्यमापक फक्त जमेची बाजू लिहितो. खर्च आणि शिल्लक न पाहता हिशेब पुरा झाला असे एखादा खेड्यातला कुलकर्णीही म्हणणार नाही, ते हे विद्वान बेधडक म्हणतात.

अरण्य बाष्प सोडते, हे त्यांच्या मते काव्य आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पाण्याचे समस्थानिक मोजून, तेथील सुमारे निम्मा पाऊस खोऱ्यातूनच उठलेल्या बाष्पाचा असतो, हे १९७० च्या दशकातच दाखवले गेले. सह्याद्री म्हणजे ॲमेझॉन नव्हे, हे खरे. पण मोजमापाला काव्य म्हणणे हा युक्तिवाद नव्हे.

हा वाद तसा जुनाच. सायलेंट व्हॅलीत सैरंध्रीपाशी कुंतीपुळा नदीवर धरण घाटत असतानाही बुडणारे क्षेत्र अवघे ८३० हेक्टर आहे, असे सांगून लोकांची समजूत घालण्यात येत असे. जणू दरीचा तळ आणि नदीकाठ ही अरण्याची सहज कापून देता येण्यासारखी चिंधी होती! ज्या सिंहपुच्छ माकडांच्या नावाने तेव्हा थट्टा झाली, त्यांची वस्तीही याच सदाहरित झाडीत होती.

माझे म्हणणे थोडके आहे. सायलेंट व्हॅलीत थेंब आधी पानांवर फुटतो, मग खोडावरून ओघळतो, पाचोळ्यात मुरतो आणि मुळांनी धरलेल्या मातीत साठतो. चार महिन्यांत आलेला पाऊस उरलेल्या महिन्यांना पुरवून देणे, हे अरण्याचे काम आहे. आपल्या घाटमाथ्यावर आषाढात कोसळणारे पाणी चैत्रात कोठे जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना निराळा दाखला नको. धरणाचा बेत रद्द झाला, १९८४ साली तेथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, आणि सैरंध्रीखालून कुंतीपुळा ऐन उन्हाळ्यातही वाहते.