विमान किती जणांवर उडतं?

अमेरिकेतले स्कायडायव्हिंगवाले बघा. छोट्या सेस्ना १८२ मध्ये पायलट सोडून साधारण ४ जण बसतात. ३ आले तरी उडवता येतं. ट्विन ऑटरमध्ये २० च्या वर मावतात, पण ५ जणांसाठी ते उडवणं परवडत नाही. १३ हजार फूट चढायला इंधन थोड्याफार फरकाने तेवढंच जळतं. शनिवारी ठीक आहे हो, मंगळवारी काय?

म्हणून मशीन घेताना ‘फुल्ल भरलं तर किती सुटतील’ हा हिशोब बँकेला दाखवा. स्वतःसाठी मात्र ‘किमान किती गिऱ्हाइकं आली की चालू करायचं’ हा आकडा काढा. मंगळवारी तो जमत नसेल, तर माझं स्पष्ट मत आहे, सेस्नाच घ्या. शेजाऱ्याकडे ऑटर असली तरी! आणि ताटकळत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या चहाचा खर्चही धरा.