विश्लेषण : सर्व्हरमधील मेमरी ‘जवळची’ की ‘लांबची’, हे लिनक्सला कसे कळते?

कृत्रिम प्रज्ञेच्या वाढत्या मागणीमुळे मेमरी चिप महागल्या आहेत. त्यामुळे हाताशी असलेली मेमरी नीट वापरणे हा डेटा सेंटरसाठी खर्चाचा प्रश्न बनला आहे. मात्र, मोठ्या सर्व्हरमधील सगळी मेमरी सारख्या वेगाने मिळत नाही.

‘नुमा’ म्हणजे काय?

अशा सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रोसेसरला स्वतंत्र मेमरी जोडलेली असते. दोन्ही मिळून एक ‘नोड’ होतो. शेजारच्या नोडमधील माहितीही वाचता येते, पण वेळ जास्त लागतो. हीच ‘नॉन-युनिफॉर्म मेमरी अ‍ॅक्सेस’ अर्थात ‘नुमा’ रचना. एएमडीच्या २०१७ मधील पहिल्या ‘एपिक’ मालिकेत तर एकाच प्रोसेसरमध्ये चार नोड होते.

अंतर कसे समजते?

यंत्र सुरू होताना फर्मवेअर कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, तक्ते देते. त्यात स्वतःच्या नोडचे अंतर १० धरलेले असते. २० म्हणजे ढोबळमानाने दुप्पट वेळ.

मग अडचण कुठे?

प्रोग्रॅम मेमरीला पहिल्यांदा हात लावतो, तेव्हा तो ज्या नोडवर असेल तिथली जागा सहसा मिळते. पुढे तो दुसऱ्या नोडवर हलवला गेला, की माहिती मागेच राहते.

कर्नल माग कसा काढतो?

प्रत्येक वाचन-लेखन हार्डवेअर परस्पर करते. कर्नलला ते दिसत नाही. म्हणून २०१३ मधील ३.८ आवृत्तीपासून लिनक्स एक युक्ती वापरते. कर्नल अधूनमधून मेमरीच्या काही पानांची परवानगी काढून घेतो. प्रोग्रॅम तिथे अडला, की तो कोणत्या नोडवरून आला हे कळते. लागोपाठ दोनदा त्याच नोडवरून मागणी आली, तर पान तिकडे हलवले जाते.

याची किंमत काय?

प्रत्येक अडवणूक आणि स्थलांतर वेळ खाते. त्यामुळे काही डेटाबेसचालक ही सोय बंद ठेवून प्रोग्रॅम व मेमरी एकाच नोडला बांधतात. पण तो नोड भरला, तर शेजारी जागा रिकामी असूनही यंत्र डिस्ककडे धावू शकते.

पुढे काय?

‘सीएक्सएल’ दुव्याने जोडलेली मेमरी हा प्रोसेसर नसलेला, लांबचा नोड ठरतो. कमी वापराची पाने अशा नोडवर पाठवण्याची सोय लिनक्समध्ये २०२१ मध्ये आली, तर जास्त वापराची परत आणण्याची २०२२ मध्ये. त्यामुळे महागडी, वेगवान मेमरी कमी लागू शकते. मात्र परत काय आणायचे, हे ठरवण्यासाठी कर्नलची भिस्त अजूनही त्याच अडवणुकीवर आहे. तिथला अंदाज चुकला, तर वाचवलेला पैसा वेगाच्या रूपाने चुकवावा लागेल.