शकाराची धमकी

कोर्टात वर्षानुवर्षे खेटे घालून थकलेला पक्षकार त्राग्याने विचारतो : सरपंच आम्ही निवडतो, आमदार आम्ही निवडतो, मग खालच्या कोर्टातला न्यायाधीशच तेवढा आमच्या मताविना का नेमला जावा? त्याचा त्रागा आम्ही समजू शकतो. परंतु हे औषध रोगापेक्षा भयंकर आहे, असे स्पष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

या प्रश्नाचा विचार करताना आमचे मन उज्जयिनीकडे वळते. ती नगरी आम्हांस परकी नाही. महाकालेश्वराच्या मंदिराचा अठराव्या शतकात जीर्णोद्धार केला तो राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी. याच नगरीत शूद्रकाने ‘मृच्छकटिका’तील न्यायसभा भरविली आहे. देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले, त्यामुळे ते आपल्याकडे घरोघरी परिचित झाले. राजाचा मेहुणा शकार वसंतसेनेच्या खुनाचा खोटा आळ चारुदत्तावर घेऊन येतो. त्या दिवशी ही फिर्याद ऐकण्यास न्यायाधीश प्रथम नकार देतो. तेव्हा शकार बजावतो की, राजाला सांगून तुला काढून टाकीन आणि तुझ्या जागी दुसरा बसवीन. फिर्याद लगेच ऐकली जाते! तो न्यायाधीश दुष्ट नाही. चारुदत्ताविषयी त्याला आदरच आहे. पण ज्याची खुर्ची दुसऱ्याच्या हाती असते, त्याच्या सज्जनपणाला मोल किती? वसंतसेना जिवंत असताना निरपराध चारुदत्त वधस्थानापर्यंत नेला जातो.

न्यायाधीश निवडणुकीने आला म्हणून ही धमकी संपत नाही. ती देणारे हात तेवढे वाढतात. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत न्यायाधीशांना कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर मतदारांच्या दारी जावे लागते. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीविरुद्ध ५ कोटी डॉलर भरपाईचा निवाडा झाला होता. तिच्या प्रमुखाने २००४ साली राज्याच्या सर्वोच्च पीठाच्या निवडणुकीत एका उमेदवारासाठी सुमारे ३० लाख डॉलर खर्चिले. तो उमेदवार निवडून आला आणि पुढे त्याच्याच मतासह तो निवाडा फिरला. त्याने या खटल्यातून दूर राहावयास हवे होते, असे २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले. मेक्सिकोने १ जून २०२५ रोजी न्यायाधीशांची देशव्यापी निवडणूक घेतली. मतदानाला आले जेमतेम १३ टक्के लोक. ज्या लोकशाहीच्या नावाने हा खटाटोप झाला, तिचा लोकच गैरहजर राहिला.

उज्जैनकडेच पुन्हा पाहू या. या वेळी नाटकातील नव्हे, आपल्या काळातील. २६ ऑगस्ट २००६ रोजी तेथील माधव महाविद्यालयात विद्यार्थी संघाच्या निवडणुकीवरून दंगा झाला आणि प्रा. हरभजनसिंग सभरवाल यांना प्राणास मुकावे लागले. सारा देश हळहळला. सर्वोच्च न्यायालयाने खटला उज्जैनहून नागपूरला हलविला. साक्षीदार फितूर झाले आणि जुलै २००९ मध्ये नागपूरच्या सत्र न्यायाधीशांनी पुराव्याअभावी सर्व आरोपींची मुक्तता केली. हा निकाल ऐकून अनेकांची मने पेटली. सभरवाल कुटुंबाला न्याय मिळाला, असे आम्हांसही म्हणवत नाही. परंतु दोष कोणाचा? तपास आणि साक्षीदार जेथे ढासळले, तेथे न्यायाधीशाने पुरावा आणावा कोठून? आणि हेच न्यायाधीश मते मागणारे असते तर? एका गावात त्यांनी संतप्त जमावाला खूश करण्यासाठी शिक्षा ठोठावली असती, दुसऱ्या गावात बलिष्ठ संघटनेला दुखवू नये म्हणून मुक्तता केली असती. पुरावा दोन्ही ठिकाणी टेबलावर तसाच पडून राहिला असता.

आपल्या घटनाकारांनी म्हणूनच जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने व्हावी अशी तरतूद केली, आणि खालच्या न्यायाधीशांच्या बदल्या, बढत्या व शिस्त उच्च न्यायालयाच्या हाती ठेवली. ही व्यवस्था निर्दोष आहे, असा आमचा दावा नाही. पदे रिकामी राहतात, तारखांवर तारखा पडतात, कोर्टाच्या इमारती गळतात. त्यावर इलाज झालाच पाहिजे. न्यायाधीश होण्यापूर्वी निदान तीन वर्षे वकिली केलेली असावी, ही अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा लागू केली. ती स्वागतार्ह आहे. साक्षीदारांच्या संरक्षणाच्या योजनेस त्याच न्यायालयाने २०१८ मध्ये संमती दिली. ती कागदावरून कोर्टाच्या आवारात उतरली पाहिजे. थकलेल्या पक्षकाराने मते मागावीत ती यांसाठी. न्यायाधीश निवडण्याचा हक्क नव्हे, तर न्यायालयांना पुरेशी माणसे, पैसा आणि संरक्षण देणारे आमदार-खासदार निवडण्याचा हक्क त्याने निकराने बजावावा.

रामशास्त्री प्रभुण्यांना पुण्याने मते दिली नव्हती. तरीही नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगून ते पुणे सोडून गेले. खुर्चीचा मोह नसलेल्या त्या पुरुषापुढे शकाराची धमकी फोल ठरली असती. पण प्रत्येक तालुक्याला रामशास्त्री लाभत नसतो. म्हणूनच साध्यासुध्या, संसारी न्यायाधीशालाही निर्भयपणे निकाल लिहिता येईल अशी व्यवस्था टिकविणे हे आपले काम आहे. शकार त्या काळी राजवाड्यातून येत असे. त्याला आता आपणच मतपेटीतून आणू नये.