रांगेचा नियम भिंतीवर लावा

वाटणी यंत्राने केली की ती न्याय्यच असणार, हा आपला नवा भाबडेपणा. संगणकांच्या जाळ्यात एक यंत्र कामाने वाकलेले आणि शेजारचे रिकामे, हे नेहमीचेच. त्यावर टोरांटोच्या 'प्लॅटफॉर्म कम्प्युटिंग'ने १९९० च्या दशकात 'एलएसएफ' काढले. त्याच्या शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या पडद्यावर, नेहमीसारखी आज्ञा द्यायची. यादीत बसणारे काम आपोआप हलक्या भाराच्या यंत्राकडे जाते.

आपल्याकडे १९९१ साली पुण्यात सी-डॅकचा 'परम ८०००' उभा राहिला, तोही काम अनेक प्रोसेसरांत विभागूनच. आज अनेक महासंगणकांवर 'स्लर्म' हा मुकादम असतो. 'एसबॅच'ने काम रांगेत लागते, 'एस-क्यू'ने रांग दिसते. अलीकडे ज्याने फार वापर केला त्याला मागे ठेवण्याची सोय त्यात आहे. पण कोणाचा वाटा किती, हे माणूसच ठरवतो.

मी बँकेत आयुष्य काढले. घाटकोपरच्या शाखेत टोकनचा क्रमांक सर्वांना दिसे, म्हणून वशिल्याला थोडी लाज वाटे. सार्वजनिक पैशातल्या महासंगणकांनीही वाट्याचे नियम असेच उघड लावावेत. प्रबंधाची मुदत गाठू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला काम अडल्याचे कारण पडद्यावर एका शब्दात मिळते: 'प्राधान्य'. ते कोणी आणि का ठरवले, हे विचारण्याचा त्याला हक्क आहे.