दिल्लीत आपल्या वतीने कोण बोलतो?



कारखान्याच्या खर्चात ‘संघ वर्गणी’ अशी एक लहानशी बाब असते. वार्षिक सभेत तिच्यावर सहसा कुणी बोट ठेवीत नाही. ठेवलेच तर एवढेच विचारतो, “हे पैसे कशाला? संघवाले काय ऊस गाळतात का?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सभासदाला मिळाले पाहिजे.

ऊस आपण पिकवतो, साखर कारखान्यात तयार होते, पण तिच्या बाजाराचे नशीब दिल्लीत ठरते. परदेशी साखरेवर जकात किती, आपली साखर बाहेर जाऊ द्यायची की नाही, रसापासून इथेनॉल करायचे की नाही, हे सारे निर्णय तिथले. एकटा कारखाना तिथे जाऊन काय बोलणार? मूल रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, आणि दिल्लीला तर एकट्याचे रडणे ऐकूच जात नाही. म्हणून खाजगी कारखानदारांनी १९३२ मध्येच आपली ‘इस्मा’ ही संघटना उभी केली आणि सहकारी कारखान्यांचा राष्ट्रीय महासंघ १९६० मध्ये स्थापन झाला.

१९३२ हे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या काळी जावा बेटाची स्वस्त साखर इथला बाजार खात होती. टॅरिफ बोर्डाने चौकशी केली आणि त्या साली संरक्षक जकातीचा कायदा झाला. देशातले तीसेक कारखाने चार-पाच वर्षांत शंभरावर गेले. पुढे १९५० मध्ये प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचे धुराडे पेटले, ते या संरक्षणाने तयार केलेल्या जमिनीवरच.

अलीकडचे उदाहरण घ्या. २०१७-१८ च्या हंगामात साखर उदंड झाली आणि भाव कोसळला. फेब्रुवारी २०१८ मध्ये आयात शुल्क ५० वरून १०० टक्के झाले, मार्चमध्ये निर्यातीवरचा २० टक्के कर गेला आणि जूनमध्ये साखरेला किलोला २९ रुपये हा किमान विक्री दर मिळाला. डिसेंबर २०२३ मध्ये रसापासून इथेनॉल करण्यावर ७ तारखेला बंदी आली. दोन्ही संघटनांनी दिल्लीकडे धाव घेतली आणि आठवड्याभरातच बंदी सैल होऊन १७ लाख टन साखरेइतकी मर्यादा ठरली. एकट्या कारखान्याला हे कधी जमले असते?

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारखान्याचे हित आणि ऊसवाल्याचे हित दरवेळी एकच असते असे नाही. एफ.आर.पी. चौदा दिवसांत एकरकमी द्यावी, असा ऊस नियंत्रण आदेश आहे. राज्य शासनाने २०२२ मध्ये ती दोन टप्प्यांत द्यायला मुभा दिली. कारखान्यांना ते सोयीचे होते, पण आपल्याला सोसायटीचे कर्ज फेडायचे असते, तिथे टप्पे चालत नाहीत! मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

आणखी एक. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे आपल्याविरुद्ध तक्रार केली. त्यांचा रोख निर्यात अनुदानावर होता, तसाच आपल्या एफ.आर.पी.वरही होता. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्या विरुद्ध गेला आणि जानेवारी २०२२ मध्ये भारताने अपील केले. म्हणजे उसाच्या दराची लढाई आता परदेशातही आहे. तिथे उसाच्या खर्चाचा हिशेब, म्हणजे खत, पाणी, तोडणी, वाहतूक, हे सगळे मांडायला कारखानदाराइतकाच शेतकरीही लागतो.

किमान विक्री दराचेही तेच. २०१९ मध्ये तो ३१ रुपये झाला. २०१८-१९ ला टनाला २७५० रुपये असलेली एफ.आर.पी. २०२५-२६ साठी ३५५० ठरली (उताऱ्याचा पाया मधल्या काळात १० वरून १०.२५ टक्के झाला), तेव्हाही विक्री दर ३१ च होता. दर वाढावा ही संघाची मागणी योग्यच आहे. पण वाढलेल्या दरातला वाटा उसापर्यंत कसा पोचेल, हेही त्याच अर्जात लिहिलेले असावे.

तेव्हा वर्गणी बंद करा असे आमचे म्हणणे नाही. ती द्यावी, आणि हक्काने द्यावी. मात्र संघाकडे व शासनाकडे आपल्या नावाने गेलेले प्रत्येक निवेदन या पत्रिकेत छापावे. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत त्यावर एक विषय असावा, आणि सभेचा ठराव संचालक मंडळाने संघाकडे पाठवावा. सभासदांनीही जेवणाची वेळ झाली म्हणून ‘मंजूर, मंजूर’ म्हणत उठू नये.

वर्गणी आपल्या उसातून जाते, तेव्हा दिल्लीत केलेली मागणीही आपल्याला विचारूनच झाली पाहिजे.