डिझेल इंजिनाचा गुन्हा काय?



मागच्या महिन्यात पाचवीच्या वर्गाला 'जुन्या गाडीचे मनोगत' हा निबंध दिला होता. फळ्यावर नेहमीसारखे मुद्दे लिहिले : जन्म, मालकाचं घर, आनंदाचे दिवस, आताची अवस्था, संदेश. माझी पुतणी त्याच वर्गात आहे. तिने घरच्याच गाडीवर लिहिलं आणि चांगलं लिहिलं. लग्नाच्या वराती, जेजुरीची वारी, रात्री-अपरात्री दवाखान्यात नेलेल्या बायाबापड्या, सगळं आलं होतं. शेवट मात्र असा : "मी धूर सोडते. माझ्यामुळे झाडे मरतात व मुले आजारी पडतात. मी वाईट आहे. मला भंगारात टाका." मी खाली 'छान' लिहिलं आणि सही केली.

संध्याकाळी थोरल्या भावाने ती वही वाचली. दादा टूरची गाडी चालवतो. 2014 ची डिझेल डिझायर, तीन लाख किलोमीटर झालेत, इंजिन अजून खोललेलं नाही. त्या गाडीवर घर बांधलं, माझ्या डी.एड.चं कर्ज फिटलं. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "मास्तर, तू शिकलेला आहेस. मला सांग, माझ्या इंजिनाचा गुन्हा काय?"

मला नीट सांगता आलं नाही. ज्या विषयावर आपण दरवर्षी निबंध लिहून घेतो, त्याच विषयावर एका ड्रायव्हरला उत्तर देता येऊ नये, याची लाज वाटली. मग शोधाशोध केली. जे सापडलं ते इथे मांडतोय, कारण तुमच्याही वर्गात असं एखादं पोर असणारच.

आधी त्या इंजिनाबद्दल. 1248 सीसीचं हे चार सिलिंडरचं डिझेल इंजिन मूळ फियाटचं, नाव मल्टिजेट. 2003 साली युरोपात आलं. आपल्याकडे मारुतीने ते परवान्यावर बनवलं आणि स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, ब्रेझा, सियाझ अशा गाड्यांत घातलं. टाटांच्या इंडिका व्हिस्टात, मांझात तेच. फियाटच्या पुंटो-लिनियात तेच. शेवरोलेच्या सेलमध्येही तेच! गाड्यांवर लिहिणारे लोक त्याला गमतीने भारताचं 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. आमच्या शिरूर तालुक्याला तर ते घरचंच, कारण टाटा-फियाटच्या रांजणगावच्या कारखान्यात ते तयार व्हायचं. माझ्या वर्गातल्या काही पोरांचे वडील तिथल्या एमआयडीसीत कामाला आहेत.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा इतकी दाबतात की ती तापते आणि त्या गरम हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. मुलांना हे समजावायला सायकलचा पंप पुरतो. टायरमध्ये भराभर हवा भरायला लावा आणि पंपाच्या खालच्या टोकाला हात लावायला सांगा. मल्टिजेट हे नाव पडलं ते एका वेळचं डिझेल एकदम न टाकता थोडं थोडं करून अनेकदा फवारलं जातं म्हणून. त्यामुळे जुन्या डिझेल गाडीची ती खडखड कमी झाली, धूरही कमी झाला. टायमिंगला पट्ट्याऐवजी साखळी, म्हणून ठरावीक किलोमीटरला पट्टा बदलायचा खर्च नाही. आणि ॲव्हरेज! दादाची गाडी आजही लिटरला वीस देते.

मग ते बंद का झालं? 2016 साली सरकारने ठरवलं की बीएस-4 वरून बीएस-5 न करता थेट बीएस-6 वर जायचं. ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 1 एप्रिल 2020 नंतर बीएस-4 गाडी विकताच येणार नाही. एप्रिल 2019 मध्ये मारुतीने जाहीर केलं की त्या तारखेपासून आम्ही डिझेल गाड्या विकणार नाही. संपलं. गावातल्या कट्ट्यावर याचं वर्णन 'सरकारने चांगलं इंजिन मारलं' असं होतं. हे अर्धंच खरं आहे. सरकारने कोणत्या इंजिनाचं नाव घेतलं नव्हतं. सरकारने आकडे दिले होते.

ते आकडे मी दादाच्या गाडीला लावून बघितले. पाचवीचंच गणित आहे. बीएस-4 डिझेल गाडीला दर किलोमीटरला 0.025 ग्रॅम काजळीची मुभा होती. गुणिले तीन लाख किलोमीटर. साडेसात किलो! नायट्रोजन ऑक्साइडची मुभा 0.25 ग्रॅम, म्हणजे तीन लाखाला 75 किलो. बीएस-6 मध्ये हेच आकडे 0.0045 आणि 0.08 झाले, म्हणजे तेवढ्याच प्रवासाला काजळी एक किलो साडेतीनशे ग्रॅम आणि नायट्रोजन ऑक्साइड 24 किलो. ही प्रयोगशाळेतल्या चाचणीची मर्यादा. घाटात, गर्दीत, जुन्या इंजिनात यापेक्षा जास्त निघू शकतं. आणखी एक. बीएस-4 मध्ये पेट्रोल गाडीला नायट्रोजन ऑक्साइड 0.08 ग्रॅमपर्यंतच सोडता येत होता. डिझेलला तिपटीहून जास्त सवलत होती, आणि आपल्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

साडेसात किलो काजळी हा आकडा मी मोठ्याने वाचला तेव्हा दादा गप्प झाला. आमची शाळा पुणे-नगर रोडला लागून आहे. खिडकीच्या चौकटीवर सकाळी पुसलं तरी दुपारी बोट काळं होतं. वर्गात एक मुलगा दप्तरात दम्याचा पंप घेऊन येतो, त्याला मी खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीशी बसवलंय. खिडकीवरची सगळी काजळी डिझायरची नाही हे मलाही कळतं. ट्रक आहेत, रस्त्याची धूळ आहे, उसाचं पाचट जाळतात तेही आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्येच डिझेलचा धूर कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकला. ते वाचल्यावर नियम चुकीचा होता असं मला म्हणवत नाही. नियम बरोबरच होता. दादाच्या तोंडावर म्हटलंय.

पण पुतणीचा निबंधही चूक होता, आणि ती चूक माझी होती. आपण वर्गात 'धूर' म्हणतो आणि सगळं एकाच पोत्यात भरतो. वाहनांतून कोणता वायू बाहेर पडतो असं विचारलं की पोरं एका सुरात 'कार्बन डायऑक्साइड' म्हणतात. बीएस-6 च्या त्या आकड्यांत कार्बन डायऑक्साइड नाहीच! त्याचे नियम वेगळे आहेत. एक लिटर डिझेल जळालं की साधारण 2.6 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, पेट्रोलचा 2.3 किलो. (एका लिटरचं वजन किलोच्या आत, मग अडीच किलो वायू कुठून आला, हा प्रश्न पोरांना जरूर विचारा. हवेतला ऑक्सिजन सापडेपर्यंत मजा येते.) आता दादाची गाडी लिटरला वीस जाते, तर किलोमीटरला 130 ग्रॅम. तेवढीच पेट्रोल गाडी पंधरा जात असेल, तर 153 ग्रॅम. म्हणजे पृथ्वी तापण्याचाच हिशेब धरला, तर दादाचं 'वाईट' इंजिन चांगलं ठरतं. छातीत जाणाऱ्या काजळीचा हिशेब धरला तर नाही. एकाच गाडीचे हे दोन हिशेब.

नायट्रोजन ऑक्साइडचं तर आणखी नवल. हा नायट्रोजन डिझेलमधला नसतोच. हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो हे पोरांना पाठ असतं. इंजिनातल्या प्रचंड उष्णतेत तोच ऑक्सिजनशी जुळतो. बरं, उष्णता कमी करावी तर काजळी वाढते, कारण जळण नीट होत नाही. ओल्या लाकडाची चूल आठवा. एक दाबलं की दुसरं वर येतं. म्हणून दोन्ही आवरायला सायलेन्सरच्या वाटेवर काजळीचा फिल्टर आणि इतर सामान बसवावं लागतं, आणि त्यासाठी डिझेलही जवळजवळ गंधकमुक्त लागतं : आधी दहा लाखांत 50 भाग चालायचे, आता 10.

हे सामान स्वस्त नाही. इथे मात्र दादाची तक्रार मला पटते. प्रवासी गाडी लहान असो की मोठी, मर्यादा सारखीच. पण फिल्टरचा खर्च सात लाखांच्या गाडीवर पडला तर गिऱ्हाईक पळतं आणि वीस लाखांच्या गाडीत तो खपून जातो. म्हणून मोठ्या एसयूव्हींत डिझेल इंजिन आजही मिळतं आणि कमी पिणारी छोटी डिझायर गेली. त्यात 2014 च्या ऑक्टोबरपासून डिझेलचे भाव सरकारने मोकळे सोडले होते, पेट्रोलशी फरक कमी होत चालला होता, तेही कंपन्यांनी मोजलंच असणार. ज्याला परवडतं त्याचं डिझेल राहिलं, ज्याचं त्यावर पोट होतं त्याचं गेलं. हे नियम करणाऱ्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण झालं ते असं झालं, आणि पर्यावरणावर बोलताना आपण ते गाळतो.

असं हे पहिलंच इंजिन नाही. मारुती 800 देखील बीएस-4 आल्यावर 2010 साली तेरा मोठ्या शहरांतून अशीच मागे घेतली होती. तेव्हाही लोक हळहळले होते.

माझी विनंती छोटी आहे. 'मनोगत' लिहायला देताना फळ्यावरचा 'संदेश' हा मुद्दा पुसून टाका. त्या एका शब्दापायी पोरांना शेवटच्या चार ओळींत कुणाला तरी गुन्हेगार ठरवावं लागतं, आणि पुतणीने स्वतःच्या बापाची गाडी ठरवली. त्याऐवजी एक आकडा द्या आणि गुणाकार करायला सांगा. परिसर अभ्यास, गणित, मराठी, तिन्ही तास एकाच गाडीवर निघतात.

पुतणीच्या वहीतलं ते 'छान' मी खोडलं नाही. खाली लिहिलं, 'शेवट पुन्हा लिही. बाबांना विचारून लिही.' तिने विचारलंही. दादा दिवाळीनंतर सीएनजी गाडी बघतोय. तिला चढाला पिकअप नाही आणि डिकी टाकीनेच भरते, म्हणून त्याची कुरकुर रोज चालू आहे. तोपर्यंत एका शनिवारी तो जुनी गाडी शाळेच्या मैदानात लावणार आहे. बॉनेट उघडून इंजिन दाखवेल, आणि गाडी थंड झाल्यावर मुलं सायलेन्सरच्या तोंडात पांढरं फडकं फिरवून बघतील. फडकं त्याने स्वतःच आणायचं कबूल केलंय.